खोडून टाकलेले मीटर

२०२४च्या मार्चमधली गोष्ट. सामान पोचवणाऱ्या गाड्यांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. एका संध्याकाळी टेस्टिंगसाठी मी पुण्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर एक फोन ठेवला आणि खाली येऊन जेवलो. रात्री अकराला वर जाऊन फोन घेतला. तो जिथे ठेवला होता तिथेच होता. लॉग मात्र वेगळंच सांगत होता. साडेआठनंतर फोन टाकीवरून उतरून शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेला, थोडा रेंगाळला, परत आला, पुन्हा गेला.

दुसऱ्या दिवशी मी सहा ओळींचा कोड लिहिला. दोन नोंदींमधली उडी ठरावीक मीटरांपेक्षा मोठी असेल, तर ती नोंद टाकून द्यायची. कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याने शेरा मारला, ‘मस्त, कचरा गेला.’ आठवड्याभरात तो कोड सगळीकडे चालू झाला.

एक प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. सकाळी हाच फोन याच टाकीवर शहाण्यासारखा वागायचा. सिग्नल उंच इमारतींवर आपटून येतो, त्यामुळे जीपीएस चुकतं, हे आम्हा सगळ्यांचं ठरलेलं उत्तर. पण इमारती काही सकाळी एका जागी आणि रात्री दुसऱ्या जागी नसतात. बदलत होतं ते आकाश.

त्या आकाशाचा शोध घेता घेता मी पुण्यापासून फार लांब, पृथ्वीच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊन पोचलो. मी ज्याला कचरा म्हणून फेकलं, त्याच कचऱ्यातून ध्रुवांवरच्या वातावरणाचं एक अख्खं विज्ञान उभं राहिलं आहे. त्याची ही गोष्ट.

गर्दी मोजायची कशी?

जमिनीपासून साधारण ८० किलोमीटरपासून पुढे कित्येकशे किलोमीटरपर्यंत हवा अतिशय विरळ असते. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तिथल्या अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. या विद्युतभारित पट्ट्याला आयनांबर म्हणतात. १९०१मध्ये मार्कोनीचा रेडिओ संदेश पृथ्वीच्या बाकाला न जुमानता अटलांटिक ओलांडून गेला, तेव्हा वर काहीतरी आरशासारखं आहे अशी शंका आली. १९२४मध्ये एडवर्ड ॲपलटन यांनी ते खरोखर आहे हे प्रयोगाने दाखवलं.

जीपीएसच्या लहरींची फ्रिक्वेन्सी बरीच जास्त असते, त्यामुळे त्या या आरशातून आरपार जातात. पण जाताना उशीर होतो. फ्रिक्वेन्सी जितकी कमी, तितका उशीर जास्त. समजा, दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी अलका चौकातून दोघं एकाच क्षणी लक्ष्मी रस्त्यावर निघाले, एक सायकलवर आणि एक कारमधून. रस्ता मोकळा किती, हे तुम्हाला माहीत नाही. पण दुसऱ्या टोकाला उभं राहून दोघांच्या पोचण्यातलं अंतर मोजलंत, तर मधे गर्दी किती होती याचा हिशेब लावता येतो.

जीपीएसचा उपग्रह हेच करतो. तो १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर बोलतो. आयनांबरात दुसरीला पहिलीच्या सुमारे १.६५ पट उशीर होतो. या फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले ते निघतं. त्यांचं एक ठरलेलं एकक आहे: एक चौरस मीटरच्या नळीत दहा हजार लाख कोटी, म्हणजे एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन. असं एक एकक म्हणजे पहिल्या फ्रिक्वेन्सीवर सोळा सेंटिमीटरची चूक. वीस एककं म्हणजे सव्वातीन मीटर.

माझा फोन शेजारच्या पार्किंगमध्ये गेला नव्हता. आपण भारतातले लोक चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ राहतो. आपल्या डोक्यावरच्या आयनांबरात सूर्य मावळल्यावर, विशेषतः मार्च-एप्रिलच्या दिवसांत, विरळ बुडबुडे वर चढतात आणि सिग्नल थरथरवतात. माझ्या गच्चीवर त्या रात्री बहुधा हेच घडलं होतं.

आपल्याकडे निदान आयनांबर घडवायला रोजचा सूर्य असतो. ध्रुवावर अर्धं वर्ष तोही नसतो. खरं कोडं तिथे होतं.

अंधारातले इलेक्ट्रॉन

१ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून साजरं झालं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी पृथ्वी एकाच वेळी, एकाच पद्धतीने मोजायची असं ठरवलं. त्यासाठी दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचा तळ उभा राहिला. माणसं पहिल्यांदाच तिथे हिवाळाभर राहिली. त्यांनी आयनोसोंड नावाचं यंत्र चालवलं. ते वर रेडिओ लहरी सोडतं आणि प्रतिध्वनी ऐकतं.

दक्षिण ध्रुवावर सूर्य मार्चमध्ये मावळतो आणि सप्टेंबरमध्ये उगवतो. इलेक्ट्रॉन सुटे करणारा सूर्यच नाही म्हटल्यावर आयनांबर हळूहळू विझून जायला हवं. ते विझलं नाही. सहा महिन्यांच्या रात्रीतही वरचा थर शाबूत होता. एवढंच नव्हे, जिथे दिवस-रात्र असा भेदच नाही तिथे तो चोवीस तासांच्या लयीत कमी-जास्त होत होता. कुठून येत होते हे इलेक्ट्रॉन?

त्याच भूभौतिकी वर्षात, ४ ऑक्टोबर १९५७ला, सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ होते. हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी स्पुटनिकची बीपबीप टेपवर घ्यायला सुरुवात केली. जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा सूर चढतो आणि लांब जाताना उतरतो, तसा उपग्रहाचा सूरही बदलतो. नुसत्या त्या चढउतारावरून दोघांनी स्पुटनिकची कक्षा काढली.

हिशेबात एक खडा होता, आयनांबर. ते सुरात मिसळून गणित बिघडवत होतं. पण स्पुटनिक २० आणि ४० मेगाहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर बोलत होता. दोन्हींची तुलना केली की आयनांबराचा हिस्सा वेगळा काढता येत होता. तो काढायचा आणि वजा करायचा.

मार्च १९५८मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मक्लुअर यांनी प्रश्न उलटा केला. आपली जागा माहीत असताना उपग्रहाची कक्षा काढता येते. मग कक्षा माहीत असेल तर आपली जागा काढता येईल का? अमेरिकन नौदलाला पाणबुड्यांसाठी हेच हवं होतं. त्यातून ‘ट्रान्झिट’ ही जगातली पहिली उपग्रह दिशादर्शन यंत्रणा जन्माला आली. १९६०मध्ये तिचा उपग्रह यशस्वीपणे वर गेला आणि १९६४पासून ती नौदलाच्या रोजच्या वापरात आली.

मला या प्रसंगात दुसऱ्या उलट्या प्रश्नाचं जास्त आकर्षण वाटतं. तो कुणी एका दिवशी विचारला नाही, हळूहळू अनेकांना सुचत गेला. आयनांबराचा जो हिस्सा आपण वजा करतो, तोच ठेवला आणि बाकीचं वजा केलं तर?

ट्रान्झिटची दुसरी नोकरी

ट्रान्झिटचे उपग्रह सुमारे १,१०० किलोमीटर उंचीवरून ध्रुवीय कक्षेत फिरत, म्हणजे प्रत्येक फेरीत दोन्ही ध्रुवांजवळून जात. १५० आणि ४०० मेगाहर्ट्झवर बोलत. आयनांबर अभ्यासणाऱ्यांसाठी हे फुकटचं इंधन होतं. उपग्रह बांधायचा आणि सोडायचा खर्च नौदलाने केलेला. यांना फक्त खाली रिसीव्हर मांडून बसायचं होतं.

ऐंशीच्या दशकात एक नवी कल्पना आली. दवाखान्यातला सीटी स्कॅन शरीरातून अनेक कोनांनी किरण पाठवून आतलं चित्र उभं करतो. मग उत्तर-दक्षिण ओळीत चार-पाच रिसीव्हर ठेवले आणि उपग्रह वरून जाताना प्रत्येकाने आपल्या कोनातून बेरीज मोजली, तर आयनांबराचाही उभा छेद काढता येईल. १९९०मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी आपल्या दिशादर्शन उपग्रहांचे सिग्नल वापरून हे करून दाखवलं. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठाच्या गटाने नॉर्वेतल्या ट्रॉम्सोपासून स्वालबार्ड बेटांपर्यंत रिसीव्हरची साखळी लावून ध्रुवीय आयनांबराचे असे छेद घेतले.

१९९६च्या शेवटी नौदलाने ट्रान्झिट दिशादर्शनातून निवृत्त केलं. जीपीएस आलं होतं. पण उपग्रह वर होते, चालू होते. मग त्यांना दुसरं काम मिळालं, आयनांबर मोजण्याचं. ज्या त्रासापायी दोन फ्रिक्वेन्सी ठेवाव्या लागल्या, तो त्रास मोजणं हेच आता त्यांच्या असण्याचं कारण झालं.

ध्रुवासाठी न बनलेली यंत्रणा

जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात. याचा अर्थ ते ५५ अक्षांशाच्या पलीकडे कधीच कुणाच्या बरोबर डोक्यावर येत नाहीत. ध्रुवावर उभं राहिलात तर एकही जीपीएस उपग्रह ४५ अंशांच्या फारसा वर चढत नाही. सगळे क्षितिजाभोवती घिरट्या घालतात. रशियाच्या ग्लोनासच्या कक्षा जवळपास ६५ अंशांच्या आहेत, कारण त्यांचा देशच उत्तरेला आहे. त्यामुळे ध्रुवांकडे ती जरा वर दिसते.

आणखी एक अडचण होती. १९९४मध्ये अमेरिकी लष्कराने जीपीएसचा अचूक कोड गुप्त केला. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेव्हा तोच एक कोड होता. नागरी रिसीव्हर युक्त्या-प्रयुक्त्या करून तो सिग्नल पकडत, पण त्यात तो फार क्षीण होई. आयनांबर खवळलं की आधी हीच दुसरी फ्रिक्वेन्सी हातातून सुटायची. म्हणजे वादळ बघायला बसलेल्या माणसाला नेमकी वादळात झोप लागायची. सर्वांसाठी खुला असा दुसरा सिग्नल २००५पासून सोडलेल्या उपग्रहांवर हळूहळू आला.

तरी काम थांबलं नाही. १९९४मध्येच जगभरच्या जीपीएस केंद्रांची नोंद एकत्र ठेवणारी आंतरराष्ट्रीय सेवा औपचारिकपणे सुरू झाली. ती केंद्रं उभारली होती भूखंड किती मिलिमीटर सरकतात हे मोजायला. त्यांनाही आयनांबर नकोच होतं. पण त्यांच्या फायली सर्वांना खुल्या होत्या आणि त्यांनी कच्च्या नोंदी पुसल्या नव्हत्या. माझ्यासारख्या माणसाला टोचणारी गोष्ट ही आहे.

जीभ आणि ठिगळं

अंधारातल्या इलेक्ट्रॉनांचं उत्तर कागदावर बरंच आधी तयार होत होतं. १९६१मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स डंगी यांनी मांडलं की सौरवारा आपलं चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो आणि ते पृथ्वीच्या क्षेत्राला जोडलं जाऊ शकतं. तसं झालं की ध्रुवावरच्या चुंबकीय रेषा दिवसाच्या बाजूकडून रात्रीच्या बाजूकडे ओढल्या जातात आणि त्यांच्याबरोबर आयनांबरही ओढलं जातं. म्हणजे अंधारातले इलेक्ट्रॉन तिथले नव्हतेच. ते उजेडाच्या बाजूकडून आयात होत होते. तेवढ्या उंचीवर इलेक्ट्रॉनांना पुन्हा अणू-रेणूंशी जुळायला काही तास लागतात, आणि सेकंदाला काहीशे मीटर वेगाने ध्रुवप्रदेश ओलांडायला तेवढा वेळ पुरतो.

ही वाहतूक एका ठिकाणच्या यंत्राला पूर्ण दिसत नाही. नदीवरच्या एकाच घाटावर बसून पूर कुठून आला ते कळत नाही, तसं. त्यासाठी अनेक घाट हवेत. ते जीपीएसने दिले.

२००३च्या ऑक्टोबरअखेर सूर्यावर मोठे स्फोट झाले. अमेरिकेत विमानांना जीपीएसवरून उंचीचं अचूक मार्गदर्शन देणारी नवी सेवा २९ तारखेला १५ तास आणि ३० तारखेला ११ तास मर्यादेबाहेर गेली. तीन आठवड्यांनी, २० नोव्हेंबरला, आणखी एक जबर वादळ आलं. एमआयटीच्या हेस्टॅक वेधशाळेतले जॉन फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवरच्या जीपीएस केंद्रांच्या नोंदी रडार आणि उपग्रहांच्या मोजमापांशी जोडल्या. २००५मध्ये त्यांनी चित्र छापलं: अमेरिकेवरच्या भर दिवसाच्या आकाशातून निघालेला दाट इलेक्ट्रॉनांचा एक प्रवाह, ध्रुवप्रदेशावरून सलग वाहत युरोपकडच्या रात्रीत शिरलेला. त्याला ‘जीभ’ म्हणतात. दक्षिण ध्रुवावर हिवाळा काढलेल्या त्या माणसांच्या कोड्याचं उत्तर नकाशावर इतकं ठळक दिसलं.

जीभ नेहमी सलग राहत नाही. तिचे तुकडे पडतात. काहीशे किलोमीटर रुंदीच्या या तुकड्यांना पॅच म्हणतात. मी ठिगळं म्हणतो. आजूबाजूपेक्षा निदान दुप्पट दाट अशी ही ठिगळं काळोख्या आकाशातून सरकत जातात. त्यांच्या कडांवर सिग्नलची लय बिघडते. २०१३मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात चिनी शास्त्रज्ञ चिंग-ह चांग आणि सहकाऱ्यांनी २६ सप्टेंबर २०११च्या वादळातली ठिगळं जीपीएस आणि रडारने दाखवली: दिवसाच्या बाजूला कशी तुटली, ध्रुव कसा ओलांडला, रात्रीच्या बाजूने कशी बाहेर पडली. जन्मापासून निरोपापर्यंत.

पनवेलचा रस्ता

अशा नोंदी घेणारी यंत्रं ध्रुवाजवळ फार नाहीत. कॅनडाच्या उत्तरेला न्यू ब्रन्सविक विद्यापीठाचं जाळं आहे. रेझोल्यूट बे, युरेका, पाँड इनलेट अशा ठिकाणी त्यांचे रिसीव्हर सेकंदाला पन्नास आणि त्याहून जास्त वेळा सिग्नल टिपतात. स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंड गावात अनेक देशांची यंत्रं आहेत. आपलं ‘हिमाद्री’ केंद्रही २००८पासून तिथेच आहे. अंटार्क्टिकात ‘मैत्री’ आणि ‘भारती’ हे आपले तळ आहेत. तिथे भूचुंबकत्व आणि आयनांबर मोजायला जाणारी माणसं येतात ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेतून. ती आहे नवीन पनवेलमध्ये.

हे वाचून मी खुर्चीत मागे रेललो. माझी इंजिनिअरिंगची चार वर्षं पनवेलमध्ये गेली. कळंबोलीच्या बाजूने जाताना ती पाटी कितीदा दिसली असेल. आत काय चालतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

ही संस्था मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची वारसदार. १८५९च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला, इतिहासात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या सौरवादळांपैकी एक पृथ्वीवर आदळलं, तेव्हा कुलाब्यात माणसं डोळ्यांनी चुंबकाचं मोजमाप वाचून वहीत उतरवत होती. २ सप्टेंबरला आकडा अचानक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरला. मोठ्या वादळातही एरवी काहीशेची घसरण होते. असा आकडा पाहून यंत्र बिघडलं असेल म्हणून रेघ मारणं किती सोपं होतं. लिहिणाऱ्याने तो लिहून ठेवला. २००३मध्ये, तब्बल १४४ वर्षांनी, त्या नोंदींवरून त्या वादळाची ताकद नव्याने मोजली गेली.

गच्ची पुन्हा एकदा

२०१८पासून दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारे फोन बाजारात आले. तुमच्या हातातला फोन नवा असेल, तर कदाचित तोही लक्ष्मी रस्त्याची गर्दी मोजू शकतो. नोव्हेंबर २०२४मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की सुमारे चार कोटी अँड्रॉइड फोनांच्या एकत्रित मोजमापांतून आयनांबराचा नकाशा काढता येतो. एकेक फोन बेभरवशाचा, पण कोटींची सरासरी बोलकी. त्या नकाशात भारतावरचे बुडबुडेसुद्धा दिसतात.

पण ध्रुवावर फोन नाहीत. तिथे चार कोटींची सरासरी निघत नाही. ग्रीनलंडमधलं सोंद्रेस्ट्रॉमचं मोठं रडार २०१८मध्ये बंद झालं. उरतात बर्फात रोवलेल्या थोड्या अँटेना, आणि हिवाळाभर त्यांच्यावरचं हिम झाडणारी, केबल तपासणारी माणसं. तिथला एक रिसीव्हर बंद पडला, तर त्या रात्रीचं तिथलं आकाश कुणीच पाहिलेलं नसतं.

१० मे २०२४च्या रात्री गेल्या दोन दशकांतलं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ आलं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत पेरणीच्या ऐन हंगामात जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर शेतात उभे राहिले. योगायोगाने त्या रात्री आमचे सहा टेस्ट फोन पुण्यात चालू होते. हे सगळं वाचून झाल्यावर मी त्या रात्रीच्या फायली उघडल्या. रेषा सरळ, स्वच्छ, गुळगुळीत. जे काही वेडंवाकडं आलं असेल ते माझ्या सहा ओळींनी तिथल्या तिथे खोडलं होतं. काही आलं होतं की नाही, हे आता कळायला मार्ग नाही.

मी कोड बदलला. गाड्यांच्या नकाशावर उड्या दिसता कामा नयेत, ते बरोबरच आहे. पण टेस्ट फोनच्या टाकून दिलेल्या नोंदी आता वेळ, उपग्रह आणि फ्रिक्वेन्सीसकट वेगळ्या फाइलमध्ये जातात. मॅनेजरने विचारलं, या कचऱ्याच्या साठवणीचा खर्च कशात दाखवायचा? बरीच घासाघीस झाली. नव्वद दिवस ठेवायचं ठरलं.

एक्याण्णवाव्या दिवशी मी ती फाइल माझ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतो.